डाव्या बाजूचं ठिगळ

मी एक जाळं बोलतोय. मासळीचं नव्हे हो, गोलाचं. बर्फावरच्या हॉकीत दोन लाल खांबांच्या मागे पांढरं जाळं ताणलेलं असतं ना, तेच मी. रबराची काळी चकती समोरून आली की धरायची, बाजूने आली की अडवायची, एवढंच माझं काम. आणि ऐन मोक्याच्या दिवशी तेवढंही मला जमलं नाही. आज सांगून टाकतो, पोटात ठेवून ठेवून जीव नकोसा झालाय.

माझा जन्म मुख्य भूमीवरच्या कारखान्यातला. न्यूफाउंडलंड बेटावरच्या या खाडीत मी बोटीने आलो, बटाट्याच्या पोत्यांवर पसरून. आमचं कॉब्लर्स कोव्ह कॉड मासळीवर जगणारं गाव. घराघरात जाळी, जाळ्यांवरून भांडणं आणि भांडण मिटलं की चहा. हिवाळ्यात समुद्र गोठला की सगळं गाव पत्र्याच्या छपराखाली हॉकी बघायला जमायचं.

चकत्यांचा मार खाऊन, स्केटची पाती लागून मी फाटायचो. मग मला ड्रुसी मावशीकडे न्यायचे. तिचं पूर्ण नाव ड्रुसिला स्नूक, पण अख्खी खाडी तिला मावशीच म्हणायची, तिच्याहून थोराड बाप्येसुद्धा. तिने मारलेली गाठ सुटली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

जाळ्याच्या एकेका भोकाला आस म्हणतात. आस केवढा ठेवायचा ते लाकडाच्या पट्टीवर ठरतं. दोरा पट्टीभोवती फिरवायचा, गाठ मारायची, पट्टी पुढे सरकवायची. माझ्यासाठी मावशीने अरुंद पट्टी करून घेतली होती. कॉडच्या जाळ्याची पट्टी चांगली रुंद, कारण लहान मासळी सुटून जायला हवी.

खाडीच्या चषकाचा अंतिम सामना मार्चमध्ये आमच्याच गावात होता, पलीकडच्या टिन हार्बरशी. सकाळी बर्फ झाडताना फावडं अडकलं आणि माझी डावी बाजू बशीएवढी फाटली. मावशी धावत आली. भट्टीत पाव टाकून आलेली, त्यात महिनाभर कॉडची जाळी विणून हात त्याच मापात बसलेला. एप्रनच्या खिशात हात घातला, पट्टी काढली आणि बघता बघता ठिगळ विणून मोकळी झाली. पट्टी रुंद होती. मला कळत होतं! पण बोलणार कसा?

सामन्याआधी पंचांनी जाळं सगळीकडून ओढून बघायचं असतं. त्या दिवशीचा पंच अँब्रोज पेली तिसऱ्याच गावचा, सरळ माणूस. तो माझ्यापाशी आला, हातमोजा काढला, तेवढ्यात आमचा कप्तान म्हणाला, “ताजं विणलंय, पंचसाहेब. ड्रुसी मावशीने, सकाळीच.”

“मावशीने? मग मी कशाला हात लावू?” अँब्रोज हसला. “उद्या तिच्या कानावर गेलं, तर माझ्या घरी जाळी विणायला यायची नाही ती.” आणि मोजा चढवून तो निघून गेला. मावशीची गाठ ओढून बघणं म्हणजे तिच्या तोंडावर तिचा अपमान, हे आमच्या खाडीत लहान पोरालाही ठाऊक. एकदा तरी ओढायचं होतंस रे बाबा!

शेवटची चार मिनिटं, दोन-दोन बरोबरी. माझ्यापुढे टिन हार्बरचा गोलरक्षक, म्हणजे गोली, गार्लंड टक, एकवीस वर्षांचा. सामनाभर खांबाला चिकटून भिंतीसारखा उभा. आमच्या एका गड्याने डावीकडून, गोलाच्या रेषेच्याही मागून चकती मारली. ती कडेवर उभी राहिली, गरगरत आली आणि मावशीच्या ठिगळातून सरळ आत शिरली. मला नुसता गार स्पर्श झाला. धरू म्हटलं तरी धरायला दोरा नव्हता.

माझ्यामागे तारेच्या पिंजऱ्यात बसायचा मावशीचा नवरा लिअँडर. चकती आत दिसली की लाल दिवा लावायचा, हे त्याचं काम. चकती आत होती. त्याने दिवा लावला.

छप्पर उडेल असा गलका झाला. टिन हार्बरवाले ओरडले, “ए लिअँडर, चष्मा उशीखाली विसरलास का?” गार्लंडने मुखवटा फेकला आणि पंचाकडे धावला. “साहेब, माझ्याजवळून गेलीच नाही! बाजूने आली, जाळ्यातून! आईची शप्पथ!”

अँब्रोज गुडघ्यांवर बसला आणि आता कुठे त्याने मला ओढून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. माझ्यावर बर्फाचा चुरा बसलेला, दोरा पांढरा, गाठी कशा मोत्यासारख्या. फाटलेलं भोक तो शोधत होता, ते कुठेच नव्हतं. “पोरा, एकही गाठ सुटलेली नाही,” तो हळूच म्हणाला. “चकती तुझ्या पायांतूनच गेली असणार. गोल.”

पंचाने हिशोबाने निर्णय दिला, लिअँडरने दिसलं तेच सांगितलं. खोटी साक्ष दिली ती मी.

चषक आमच्याकडे राहिला. गार्लंडला त्याच्याच गावाने फाडून खाल्लं. हरल्याचं कुणाला एवढं वाटलं नाही, पण आईची शप्पथ खोटी घेतली म्हणाले. धक्क्यावर पोरं ओरडायची, “गार्लंड, बाजूने बघ रे, बोट येतेय!” त्याने हॉकी सोडली. मग धक्क्यावर येणंही सोडलं.

मे महिन्यात मला धुवायला मावशीकडे नेलं. उन्हात पसरलं तेव्हा तिचा हात डाव्या बाजूवर थांबला. सामन्यातली ती चकती गावाने लिअँडरला भेट दिली होती, फळीवर ठेवलेली. मावशीने ती आणली, उभी धरली आणि ठिगळातून ढकलली. चकती सुळकन आरपार.

“अगं बाई,” ती म्हणाली आणि लिअँडरला हाक मारली.

लिअँडरने पाहिलं. पाइप तोंडातून काढला. “आता बोलून काय होणार, ड्रुसी? गाव आपल्याला फाडून खाईल.”

“आणि त्या पोराला खाल्लं ते?”

पण ती गार्लंडकडे गेली नाही. मासळीचा हंगाम आला, मावशीला कामाचं निमित्त मिळालं आणि मला माळ्यावर टाकलं गेलं. सगळा उन्हाळा मी तिथे पडून होतो. खालून मावशीच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. आम्ही दोघंही तोंड लपवून बसलो होतो.

सप्टेंबरात लिअँडरने बातमी आणली. “टकांचा पोरगा चाललाय टोरंटोला. गुरुवारची बोट. परत यायचा नाही म्हणे.”

बुधवारी सकाळी मावशी मला मांडीवर घेऊन नावेत बसली. वल्ही लिअँडरने मारली, पण तो टिन हार्बरच्या धक्क्यावरच थांबला.

स्वयंपाकघरात गार्लंड पेटी बांधत होता. त्याची आई चुलीशी उभी, तिने बस म्हटलं नाही. मावशीने मला टेबलावर पसरलं आणि चकती त्याच्या हातात दिली. “इथून घाल. उभी धर.”

त्याने घातली. गेली.

“कॉडची पट्टी वापरली रे मी,” मावशी म्हणाली. “मेपासून मला माहीत आहे. लाज वाटली म्हणून आले नाही. मार मला हवं तर.”

गार्लंडने चकती पुन्हा घातली. मग पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी मी तिला जाऊ दिलं. दुसरं करणार काय होतो?

शेवटी तो खुर्चीवर बसला. “मावशी,” तो म्हणाला, “हल्ली मलासुद्धा वाटायला लागलं होतं, की मी खोटंच बोललो.”

त्याच्या आईने तोंडावर एप्रन घेतला.

गार्लंड गुरुवारच्या बोटीने गेलाच. त्याच रविवारी प्रार्थनेनंतर मावशीने सगळ्या गावासमोर मला उभं धरलं आणि चकती आरपार घालून दाखवली. गावाने चषक परत केला. कुणी ओरडलं नाही, पण वर्षभर तिच्याकडे कुणी जाळं विणायला दिलं नाही. निमूट सोसलं तिने.

आता मी पत्र्याच्या छपराखाली, दाराशेजारी खिळ्यांवर टांगलेला असतो. ठिगळ बदलू द्यायचं नाही, अशी मावशीची ताकीद होती, ती अजून पाळतात. पाहुणा गोली आला की आधी माझ्यापाशी थांबतो, मग बर्फावरच्या नव्या जाळ्याचा एकेक आस ओढून बघतो. बघा, खुशाल ओढून बघा. विणणारा कितीही मोठा असो, त्याला राग येत असेल तर येऊ दे.

आणि गार्लंड, कधी या बाजूला आलास तर आत ये. ती चकती तुझ्याजवळून गेली नव्हती. हे मला तिथल्या तिथे ओरडून सांगायचं होतं रे. पण मला तोंड नव्हतं, नुसती भोकं होती.