पहिल्या खुर्चीचा सूर

“हलतोय,” दादा म्हणाले. “बघ, हात लावून बघ.”

स्टेजमागच्या हात धुण्याच्या जागेत दादा वरचा ओठ दोन बोटांनी उचलून आरशासमोर उभे होते. धाकट्यानं भीत भीत त्यांच्या पुढच्या दाताला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. दात चांगलाच डुलत होता, हिरडीतून रक्त येत होतं.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“काढा म्हणाला. नाही काढला तर शेजारचाही घेऊन जाईल म्हणे. म्हटलं, बाबा रे, माझं पोट या दातावर आहे. तर हसला मेला! त्याला वाटलं, मी जेवणाबद्दल बोलतोय.”

धाकट्याला हसू आलं नाही. ट्रम्पेटवाल्याच्या पुढच्या दाताचं काय मोल असतं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. माउथपीस टेकतो तो ओठावर, पण ओठाला आधार असतो दाताचा. दात गेला की वरचे सूर गेले. नवा बसवून पुन्हा वाजवणारे असतात, नाही असं नाही. पण ते तरुण असतात. दादांची साठी कधीच उलटली होती.

आता धाकटा म्हणजे काही कोवळं पोर नव्हे. डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता. पण बॅंडमध्ये आला तेव्हा चार ट्रम्पेटवाल्यांत तो सगळ्यांत लहान होता. दादांनी ‘धाकट्या’ म्हणून हाक मारली आणि ती जन्माची चिकटली. दादा पहिल्या खुर्चीत, हा दुसऱ्या खुर्चीत. उभी हयात त्याची दादांच्या उजव्या कोपराशेजारी गेली होती आणि त्याची त्याला कधी खंत वाटली नाही.

कारण ते कोपर कुणाचं होतं! नाचायला येणाऱ्या लोकांना दादा माहीतही नसत. टाळ्या मिळायच्या त्या पुढे येऊन एकटा वाजवणाऱ्या सॅक्सोफोनवाल्याला. दादा मागच्या रांगेत बसून राहायचे. पण सूर किती लांबवायचा, कुठे दाबायचा, कुठे खुलवायचा, हे सगळं तेच ठरवायचे, तेही तोंडानं ब्र न काढता. त्यांनी श्वास घेतला की सगळी रांग श्वास घ्यायची. आणि शेवटच्या गाण्यात ते तो वरचा सूर लावत तेव्हा तर विचारूच नका! सगळा बॅंड दणकून वाजत असताना तो सूर त्या सगळ्यांच्या वरून जायचा, पण कानाला टोचायचा म्हणून नाही. उलट खालच्यांचं वाजवणंही त्याच्यामुळे चांगलं वाटायला लागायचं. माणूस एवढं फुंकतो आणि मानेची शीरसुद्धा ताठत नाही, हे धाकट्याला कधी उलगडलं नाही. घरी स्वयंपाकघरात उभा राहून तो तोच सूर लावून बघायचा. दहादा फसायचा, एकदा लागायचा. बायको म्हणायची, “संसार माझ्याशी केलात आणि श्वास मोजलेत त्यांचे!”

“मास्तर आज कान देऊन ऐकणार,” दादा ओठ पुसत म्हणाले. गेल्या रविवारी तो सूर पातळ आला होता आणि बॅंडमास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की पुन्हा असं झालं तर खुर्ची बदलावी लागेल. “बाकीचं रेटून नेईन रे. शेवटचं तेवढं जमायचं नाही. आणि खुर्ची गेली की मी घरी बसून काय करू? भिंती बघू?”

“मी लावतो,” धाकटा बोलून गेला.

“काय?”

“शेवटचा सूर. तुम्ही ट्रम्पेट नुसता तोंडाला लावून धरा. मी शेजारीच तर बसतो. कुणाला कळतंय?”

दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याची पाचावर धारण बसली. मग त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं. रुमालाला रक्त लागलं होतं. “लागेल तुला?” त्यांनी विचारलं, आणि असं विचारायची पाळी त्यांच्यावर आली याचंच धाकट्याला वाईट वाटलं.

दुपारचा नाच रंगला. दादांनी खरंच रेटून नेलं. डोळ्यांत पाणी येत होतं, पण एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. शेवटचं गाणं आलं. जोडपी जवळ सरकली. दादांनी ट्रम्पेट वर उचलला, भुवया चढवल्या, आणि धाकट्यानं देवाचं नाव घेऊन फुंकलं.

लागला! स्वयंपाकघरात कधी लागला नव्हता इतका छान लागला. धाकट्याच्या अंगावर काटा आला. आता एवढंच राहिलं होतं, की दादांच्या ट्रम्पेटचं तोंड खाली यावं. कारण या रांगेचा कायदाच तसा होता: पहिल्या खुर्चीनं सोडल्याशिवाय कुणी सूर सोडायचा नाही. मग जीव गेला तरी बेहत्तर.

आणि दादा सोडेनात.

धाकट्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं. दादा डोळे उघडे ठेवून वर छताकडे बघत होते, ट्रम्पेट तसाच आडवा. फुंकत नव्हते, त्यामुळे दम संपायचा प्रश्नच नव्हता. हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! तिसऱ्या खुर्चीवाला लालबुंद झाला. धाकट्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. स्वतःहून थांबावं हे त्याला सुचलंसुद्धा नाही. आजवर तो कधी स्वतःहून थांबलाच नव्हता. सूर थरथरला, घसरला आणि भर हॉलमध्ये फाटकन फुटला.

नाचणारे थबकले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. आणि सगळ्यांच्या माना दादांकडे वळल्या.

पडदा पडल्यावर मास्तर मागे आले. “दादा, तुमचा मान मोठा आहे हो. पण आता बास करू या.”

“मास्तर, तो सूर—” धाकटा पुढे झाला.

“तू गप रे,” दादा म्हणाले. मग मास्तरांकडे वळून शांतपणे म्हणाले, “पहिल्या खुर्चीचा सूर फुटला, तो माझाच फुटला. तो दुसऱ्या कुणाचा कसा असेल?”

मास्तरांनी मान हलवली. पुढच्या रविवारपासून त्या खुर्चीत धाकट्यानं बसावं असं सांगून ते निघून गेले.

रस्त्यावर आल्यावर धाकट्याला राहवेना. “का नाही सोडलात हो, दादा? एवढा वेळ का धरलात?”

“विसरलो रे.” दादा ओशाळून हसले. “फुंकताना आपलं डोकं आपल्याच आवाजानं भरलेलं असतं. इतकी वर्षं मधोमध बसलो, पण आपला बॅंड कधी ऐकलाच नव्हता. आज ऐकला. किती सुरेख वाजवता रे तुम्ही सगळे! ट्रम्पेट खाली आणवेना.”

कोपऱ्यापर्यंत दोघं चालत गेले आणि आपापल्या वाटेनं वळले.

दादांचा दात काढल्यावर धाकटा त्यांच्या घरी गेला. वहिनींनी दार उघडलं आणि हळूच सांगितलं, “बोलत नाहीत फारसे. तुम्ही आलात, बरं झालं.” दादा खिडकीशी बसले होते. वरचा ओठ आत गेला होता, म्हणून चेहरा दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. धाकट्यानं ट्रम्पेटची पेटी उघडली. “रविवारी मला बसायचंय. एकदा ऐकता का?” असं म्हणून त्यानं शेवटच्या गाण्याचा तुकडा वाजवला, आणि मुद्दाम नको तिथे श्वास घेतला. दादांनी ओरडावं, गाढवा म्हणावं, ‘पुन्हा वाजव’ म्हणावं. त्यांनी आजवर कुणाचं वाजवणं धड म्हणून पुढे जाऊ दिलं नव्हतं. धाकट्याची बायको म्हणायची, त्यांच्या शिव्या हेच तुमचं सर्टिफिकेट.

दादांनी खिडकीबाहेरची नजर आत आणली.

“छान,” ते म्हणाले. “छान वाजवलंस.”

धाकट्यानं माउथपीस काढून पुसला आणि ट्रम्पेट पेटीत ठेवला. वहिनींनी चहा आणला होता, तो दोघांनी घेतला.