कडूबाच्या मोटरीतला लाल दिवा

दिवा पेटला तवा पहिले मलेच दिसला. मी पुढं बसली होती, मागं माही सून प्रतिमा. स्टेरिंगच्या मागच्या काचेत लाल टिकली लागली. म्या म्हटलं, "कडूबा, हे काय बे?" त्यानं पाह्यलं अन् मोटर अशी थांबवली का माहं डोक्सं समोर आपटलं.

"काकू, तेलाचा दिवा हाय. हा पेटला का मोटर चालवाची नाई. इंजिनात तेल फिरून नाई राह्यलं. तसंच दामटलं तं इंजिन जाम होईन, अन् मंग मी काय खाऊ?"

"अरे पण बुलढाणं?"

"बुलढाणं गेलं चुलीत!"

कडूबा म्हणजे माह्या चुलत दिराचा पोरगा. मेहकरच्या एका वकिलाची म्हातारी मोटर त्यानं घेतली होती, अन् बायकोपेक्षा तिलेच जास्त जपे. त्या दिवशी एस्टी आलीच नाई, म्हणून त्याच्या हातापाया पडून आम्ही जानेफळहून निघालो होतो. जिल्हा परिषद नवी नवी झाली होती. तिले शाळांसाठी बाया पायजे होत्या अन् प्रतिमेले मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. नाव पुकारतीन तवा जे हजर नाई तिचं नाव गेलं, असं साऱ्याईनं सांगतलं होतं. दुसऱ्यांदा कोण बोलावते, बाप्पा!

माहा जीव तं सकाळपासूनच थाऱ्यावर नव्हता. माहा पोरगा वारल्यापासून घरात आम्ही दोघीच. साऱ्या गावात म्या मोठ्या तोंडानं सांगत फिरली, माही सून मास्तरीण होणार हाय. अन् रात्री पाठ टेकली का आढ्याकडं पाहत पडे. नोकरी लागली तं तिले कुठंबी टाकतीन. ते जाईन, अन् म्या कोणासाठी चूल पेटवाची? खोटं कायले सांगू, तो लाल दिवा पाहून मले घडीभर बरं वाटलं. मंग माहीच मले लाज वाटली अन् तो राग म्या कडूबावर काढला.

"नुसता पाहून काय राह्यला बे? उघड ना ते!"

त्यानं बॉनेट उघडलं. आत इंजिनावर झेंडूची ही मोठी माळ! दसऱ्याची. त्याची बायको भिमा लय देवभोळी. बाहेर बांधली का गावातल्या बकऱ्या माळ खाऊन टाकत, म्हणून या साली तिनं आत बांधली, अन् पडू नये म्हणून दोरा नाई, तार ओवली होती. फुलं सुकून काळी पडली होती.

कडूबानं तेल मोजाची काडी काढली, धोतराले पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल भरपूर. खाली वाकून पाह्यलं, थेंब गळत नव्हता. इंजिन चालू केलं. आवाज कसा गोड! पण दिवा काही इझेना.

"मंग दिवाच येडा झाला असन," म्या म्हटलं.

"थांबा, तेबी पाहू." इंजिनाच्या अंगाले एक पितळी बोंड होतं, त्याच्यातून दिव्याची तार निघे. तेलाचा दाब आला का ते बोंड दिवा इझवते, असं त्यानं मले सांगतलं. त्यानं ती तार उपसली. दिवा इझला. परत खोचली. पेटला. कडूबाचं तोंड उतरलं. "दिवा बराबर हाय, तारबी बराबर हाय. म्हणजे दाबच नाई. काकू, मोटर इथून हालत नाई."

तो रस्त्याच्या काठी डोक्सं धरून बसला. मी इकडून तिकडं, तिकडून इकडं. चिखली अजून दूर होती अन् रस्त्यावर चिटपाखरू नाई. फिरता फिरता मी उघड्या इंजिनावर वाकली, अन् मले दिसलं. माळेची तार खड्ड्यांच्या हिसक्यानं घसरून त्याच बोंडाच्या टोकाले चिकटली होती, अन् तिचं दुसरं टोक इंजिनाच्या लोखंडाले. मले इंजिनातलं काय समजते? पण कडूबानं सारं तपासलं अन् माळेले तेवढा हात लावला नाई, हे समजलं. देवाची वस्तू ना!

मी बोलली नाई. बोलली तं सून जाते, नाई बोलली तं राहते. एवढं सोपं होतं.

मान वर केली तं प्रतिमा मोटरीजवळ नाई! थैली खांद्याले लावून बाई रस्त्यानं चालून राह्यली होती, बुलढाण्याकडं. रडणं नाई, बोलणं नाई, मागं पाह्यणं नाई.

"अवं, कुठं चालली व?"

"पायी जातो, आत्याबाई. कुठं गाडी भेटन तं भेटन."

माह्या पोरामागं दोन वर्सं हे पोरगी काही म्हणून मागत नव्हती, अन् हे एक मागितलं. म्या माळेले हात घातला.

"ओ काकू!" कडूबा धावत आला. "दिवाळीपर्यंत काढू नोको म्हणे भिमा! देवाचं हाय!"

"देवाले सांग, म्या सत्यभामानं काढली. काय कराचं ते माहं करू दे." तार तोडून माळ म्या बाभळीले टांगली. "लाव आता चालू."

दिवा लागला, फडफडला अन् इझला. "म्हणजे या तारेनंच पेटत होता!" कडूबा ओरडला, अन् त्यानं भिमेच्या माहेरचा असा उद्धार केला का मलेच हसू आलं. वाटेत प्रतिमेले उचललं अन् बुलढाण्याले पोचलो तवा शिपाई तिचंच नाव पुकारून राह्यला होता. ते तशीच आत पळाली, अन् मी दाराशी बसली, कान आत लावून.

सायबानं काय काय इचारलं. मंग म्हणाले, "बाई, जागा घाटाखाली आहे. लांबचं गाव. एकट्या राहाल?"

"एकटी कायले, साहेब?" प्रतिमा म्हणे. "माह्या सासूबाई येतीन ना माह्यासंगं. त्याईले सोडून मले नोकरी नाई करायची."

मले इचारलं नाई, पुसलं नाई! मी ताडकन उठून दारात उभी राह्यली. डोये पाण्यानं भरले होते, अन् तोंडात तं नुसता राग. सायबानं मान वर केली. "याच का तुमच्या सासूबाई? काय आजी, जाणार का घाटाखाली?"

म्या पदरानं नाक पुसलं. "जाईन ना. पण तिकडं ऊन लय म्हणते, साहेब. सावलीची खोली पाहून द्या."