लूर्डस गप्प राहिली ती जागा

खाडीकाठच्या ख्रिस्ती वाडीत पाद्री क्वचितच येई. त्यामुळे तिथल्या छोट्या चॅपेलात मुलांना प्रार्थना आणि धर्म शिकवायचं काम कार्मीनबायकडे होतं. एरवी ती मराठी शाळेत शिकवायची. रविवारी मात्र चॅपेलात मुलं जमवून देव कोण, येशू कशासाठी आला, ते सांगायची.

१९५८ साली पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे चॅपेलातला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्यासाठी, तयार होणाऱ्या मुलांत नऊ वर्षांची लूर्डस सगळ्यांत हुशार होती. त्याच पावसाळ्यानंतर भात कापताना तिच्या बापाला, फॉस्टिनला, फुरसं चावलं. बैलगाडीतून मालवणला नेताना आई वाटभर मोठ्याने प्रार्थना करत होती. लूर्डस बापाचे पाय धरून बसली होती. दवाखाना येण्याआधीच तो गेला. मातीला आलेली माणसं आईला एकच सांगत राहिली, "देवाची मर्जी."

काही रविवारांनी लूर्डस परत वर्गात आली. मुलं 'आमच्या बापा' ही रोजची प्रार्थना म्हणू लागली. देवाच्या मर्जीप्रमाणे घडो, असं म्हणायची जागा आली आणि लूर्डस गप्प झाली.

"ह्या माका म्हणूचा नाय, बाय."

"देव करता ता आपल्या बऱ्यासाठीच, गो," कार्मीनबाय सवयीने म्हणाली.

"कोणाच्या बऱ्यासाठी?"

मुलं कार्मीनबायच्या तोंडाकडे बघत होती. "माका ठावक नाय," ती शेवटी म्हणाली. मग खाली बसून तिने त्यांना येशूला खुरसावर, म्हणजे क्रूसावर, चढवण्याआधीची गोष्ट सांगितली. बागेत तो कसा घाबरला, हे दुःख माझ्यावर येऊ देऊ नको म्हणून आपल्या बापाकडे, देवाकडे, कसा रडला.

"मग बापाशीन ऐकल्यान?" लूर्डसने विचारलं.

"नाय. खुरसावर त्याने बापाशीक विचारल्यान, माका कित्याक सोडलंस म्हणून."

लूर्डस सरकून तिच्याजवळ बसली. "तू त्या जागेर गप रव," कार्मीनबाय म्हणाली. "आमी म्हणतलंव."

नाताळाच्या तोंडावर पाद्री, फादर कॉन्स्टान्सियो, कम्युनियनआधी मुलांची परीक्षा घ्यायला आले. वयस्कर, कडक माणूस. लूर्डस एकटीने प्रार्थना म्हणू लागली आणि त्या ओळीपाशी थांबली.

"विसरलंस?"

"नाय, फादर."

कार्मीनबायने पुढे होऊन सगळं सांगितलं. या मुलीला फादर कम्युनियनला मागे ठेवतील अशी तिला भीती होती. फादरनी लूर्डसला जवळ बोलावलं.

"तुका देवाचो राग येता?"

"येता."

"त्याका सांगलंस?"

"रोज सांगतंय."

फादरनी चष्मा काढून डोळे पुसले. "रोज त्याच्याशी बोलता ह्या चेडू," ते कार्मीनबायला म्हणाले. "हिका घेवया."

नाताळाच्या सकाळी लूर्डस पांढरा झगा घालून कम्युनियनसाठी मुलांबरोबर आली. दफनानंतर तिच्या आईने चॅपेलात पाऊल टाकलं नव्हतं. आजही ती बाहेर पायरीवरच बसली होती. मिस्सेची प्रार्थना सुरू झाली तशी लूर्डस रांगेतून निघाली आणि दाराशी गेली.

"मायगो, माज्या वांगडा चल. काय म्हणू नको, नुसती बस."

आईने तोंडाला पदर लावला. मग लेकीचा हात धरून ती आत आली आणि मागच्या बाकावर टेकली. कार्मीनबायने सरकून तिला जागा करून दिली.