घुंगरं काढलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो नव्हे, त्याला अडकवून माणसाने हातात धरायचा तो. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. एका टोकाला जनावर, दुसऱ्या टोकाला माणूस आणि मधे आपण, अशी ज्याची जन्मभर ओढाताण चालते त्याने शूर तरी कसं व्हावं?

माझा जन्म घोटीचा. बाजारपेठेच्या कडेला इसाकचाचांचं दुकान होतं. तिथे बैलांचा साज तयार होई. पुढे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा चहावाल्याचीच ये-जा वाढली. अशा दिवसांत शुभांगी आली. तिचे वडील कोंडाजी म्हणजे चाचांचं जुनं गिऱ्हाईक. लग्न होऊन ती नाशिकला गेली होती आणि आता तिथे तिला स्वतःचा धंदा सुरू करायचा होता. लोकांची कुत्री फिरवायचा.

चाचांची सुई थांबली. "लोकांला सोताचं कुत्रं फिरवाया माणूस लागतो?"

"लागतो, चाचा. सकाळी कामाला जात्यात ते राती येत्यात. कुत्रं बिचारं दिवसभर कोंडलेलं."

चाचा हसले, पण काम त्यांनी मन लावून केलं. जपून ठेवलेलं चांगलं कातडं काढलं, दुहेरी शिवण घातली, पितळी कडी बसवली. मग मला खिळ्याला अडकवून सगळं अंग टाकून ओढलं. तेव्हा मी असा घाबरलो की काय सांगू! मी तुटलो नाही, पण 'आपण एक दिवस तुटणार' ही भीती तेव्हापासून माझ्या मनात बसली ती बसलीच.

शेवटी कुणी न सांगता चाचांनी माझ्यावर पितळी घुंगरं ओवली. "जनावर चालताना वाजलं पायजे, पोरी. वाजलं म्हंजे कुठं हाय ते कळतं." त्या घुंगरांचा मला केवढा तोरा होता!

नाशिकच्या घरी मात्र शुभांगीची थट्टाच झाली. तिची जाऊ भागीबाई सगळ्यांना सांगत सुटली की माणसांना फिरायला सवड नाही आणि आमच्या जाऊबाई कुत्री फिरवणार. नवरा संतोष हसला नाही. कुत्रं चावलं तर काय, एवढंच त्याने विचारलं. तर शुभांगी आधीच जाऊन रेबीजची इंजेक्शनं घेऊन आली होती. तिने वाण्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत चिठ्ठ्या लावल्या. बरेच दिवस कुणीच विचारलं नाही. मी खुंटीवर लटकून होतो आणि खरं सांगतो, मला ते बरंच वाटत होतं.

मग गंगापूर रोडच्या एका कॉलनीतून कुसाबाईंचा फोन आला. कुसाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. अर्ध्या कॉलनीला त्यांनी शिकवलेलं, त्यामुळे तिथे त्यांचा शब्द चाले. त्यांनी शुभांगीला चांगलं म्हटलं तर दहा घरांची दारं उघडणार होती आणि वाईट म्हटलं तर धंदा उंबऱ्यातच संपणार होता. हे शुभांगीला ठाऊक होतं. तिच्या तळहाताला सुटलेल्या घामावरून ते मलाही कळलं.

त्यांचा कुत्रा बत्तासा. पांढरा लॅब्राडोर, अंगाने वासराएवढा आणि काळजाने चिमणीएवढा. मिक्सर लागला की हा पलंगाखाली. आपल्याहून भित्रं कुणीतरी जगात आहे हे पाहून मला जरा धीर आला.

"दिसतो मोठा, पण घाबरट आहे गं," कुसाबाई म्हणाल्या. "हातातून तेवढा सोडू नकोस."

"बैल सांभाळलेत मी, मावशी," शुभांगी म्हणाली.

सुरुवातीचे दिवस छान गेले. छुम छुम करत आम्ही तिघे जॉगिंग ट्रॅकवर निघालो की लहान मुलं मागे लागत. घुंगरांचं कौतुक होई. आणखी दोन घरांनी गणपती झाले की आमच्याकडे बघा, असं सांगून ठेवलं. भागीबाईचीही थट्टा हळूहळू बंद झाली. आणि मी मूर्ख, भ्यायचंच विसरलो.

गणपती जवळ आले होते. एका संध्याकाळी आम्ही मैदानाच्या कडेने चाललो होतो. तिथे ढोलपथक सरावाला जमलं होतं, पण भिंतीआड असल्यामुळे आम्हाला दिसलं नाही. मित्रांनो, नाशिकचा ढोल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तो आधी छातीत वाजतो, मग कानात. सगळे ढोल एकदम कडाडले. बत्तासा जागच्या जागी उडाला आणि मला असा हिसका बसला की माझी शिवण न् शिवण ओरडली.

आणि शुभांगीने मला सोडून दिलं.

तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. हाताला लहानपणची सवय होती. कोंडाजींनी तिला शिकवलं होतं की बैल उधळला तर कासरा धरून राहू नये, सोडून द्यावा, नाहीतर माणूस फरफटत जातं. बैल दमतो आणि आपल्या पायांनी गोठ्यात येतो. गावाकडे ते शहाणपणच होतं. पण गंगापूर रोडवर गोठा कुठला? तिथे होत्या गाड्या.

बत्तासा पळत सुटला आणि त्याच्या मागे मी. डांबरावर आपटत, उडत, दगडांवर घासत. ढोल मागे राहिले, ऐकू येईनासेही झाले, तरी बत्तासा थांबेना. मला कळेना, हा आता कशाला भितोय? त्याने एकदा मान वळवून मागे पाहिलं. त्याचे डोळे पांढरे झाले होते. तो माझ्याकडे बघत होता.

तेव्हा मला कळलं. तो जितका जोरात पळे तितका मी जोरात वाजे आणि मी जितका जोरात वाजे तितका तो पळे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना? बत्ताशाच्या पाठचा ब्रह्मराक्षस मीच होतो. 'अरे, मी आहे, तुझा पट्टा,' असं मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्याकडे आवाज होता तो घुंगरांचाच.

तो मोठ्या रस्त्यावर शिरला. ब्रेक किंचाळले. त्याने मधल्या दुभाजकावर उडी घेतली आणि माझं मुठीचं टोक तिथल्या वाकलेल्या लोखंडी सळीत अडकलं. बत्तासा पलीकडच्या बाजूला खेचू लागला. गळपट्टा आवळला. त्याच्या घशातून घर्र घर्र असा आवाज येऊ लागला. अंगाला घासून बसेस जात होत्या, हॉर्न वाजत होते आणि एकेका हॉर्नसरशी तो आणखी जोराने ओढत होता.

मित्रांनो, ज्याला जन्मभर तुटायची धास्ती, त्या मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, देवा, मी तुटू दे. पण इसाकचाचांची शिवण होती ती, एक टाका उसवला नाही. इतकी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

शुभांगी आली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. एका रिक्षावाल्याने आपली रिक्षा आडवी घालून मागच्या गाड्या थांबवल्या. लोक ओरडत होते, पकडा, पकडा. ती मात्र धावायची थांबली. बत्ताशाकडे न बघता, त्याच्याकडे पाठ करून ती दुभाजकावर बसली आणि बिथरलेल्या बैलाशी बोलावं तशी हळू आवाजात बोलू लागली.

"हो राजा, हो. कोन नाय मागं. हो."

हात मागे नेऊन तिने आधी माझी घुंगरं मुठीत घट्ट दाबली. आवाज बंद झाला. मग सळीत अडकलेलं माझं टोक सोडवून ती तशीच बसल्या बसल्या मागे सरकली, मी सैल पडलो आणि बत्ताशाला श्वास मिळाला. थोड्या वेळाने त्याने आपलं थरथरणारं डोकं तिच्या पाठीवर टेकवलं. घुंगरांच्या कडा रुतून तिच्या तळहातातून रक्त येत होतं, पण तिने मूठ उघडली नाही.

वाटेत मला वाटलं, हा आपोआप सुटला असं ती सांगेल. कुणी पाहिलं होतं? पण ती दारातच म्हणाली, "मावशी, तो सुटला नाही. मी सोडला."

कुसाबाईंनी बत्ताशाचे सोललेले पंजे पाहिले, त्याला आत घेतलं आणि दार लावलं.

मी पुन्हा खुंटीवर आलो. ती दोन घरं परत बोलली नाहीत. भागीबाईने थट्टाही केली नाही, हे तर आणखी वाईट. मला वाटे, आपला हा धंदा आपणच बुडवला.

गणपती गेले आणि कुसाबाईंचा फोन आला. बत्तासा घराबाहेर पाऊलच टाकत नव्हता. दुसऱ्या माणसाला बोलावलं तर पट्टा बघूनच तो पलंगाखाली शिरला होता. "तू सोडलास, आता तूच बाहेर काढ," त्या म्हणाल्या.

शुभांगी मला घेऊन घोटीला गेली आणि चाचांना सगळं सांगितलं. चाचांनी मला मांडीवर घेऊन बराच वेळ हात फिरवला. "बैलाला घुंगरांची सोबत वाटायची," ते म्हणाले, "याला पाठलाग वाटला." मग एकेक घुंगरू कापून काढलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण हलकंही वाटलं. घुंगरांच्या जागी भोकं राहिली ती आजही आहेत. दुसऱ्या टोकाला त्यांनी तिच्या मनगटात बसेल असा फास शिवला.

पुढे कित्येक दिवस शुभांगी रोज जाई, मला कुसाबाईंच्या फरशीवर ठेवी आणि शेजारी पाठ करून बसे. काही करत नसे. बत्तासा पलंगाखालून माझ्याकडे बघे आणि मी त्याच्याकडे. कोण जास्त घाबरलं होतं, सांगता येणार नाही. एका दुपारी तो बाहेर आला, त्याने माझं एकेक भोक हुंगलं, मग माझ्यावर हनुवटी टेकून झोपी गेला. कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी शेजारणीला फोन करून शुभांगीचा नंबर दिला.

आज शुभांगीकडे बरीच कुत्री आहेत आणि नवे, रंगीत पट्टेही आहेत. बत्ताशाला मात्र मीच लागतो. ढोल दरवर्षी वाजतात, वाजायलाच हवेत. पण मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी घाबरलं असेल, मग ते जनावर असो की माणूस, तर आरडाओरडा करत त्याच्या मागे धावू नका. जवळ जा, गप्प बसा आणि धरून ठेवा.

परवा सराव पुन्हा सुरू झाला. पहिला ढोल वाजला तशी शुभांगी रस्त्याकडेलाच खाली बसली. बत्तासा थरथरत होता, मी थरथरत होतो आणि माझ्या फासातलं तिचं मनगटही थरथरत होतं. पण कुणीच कुणाला सोडलं नाही.