माझ्या डोळ्यावरचं कुंकू

मी टेम्पोच्या काचेवरचा कॅमेरा बोलतोय. अमावस्येच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गोजराबाईंनी टेम्पोची पूजा केली, काचेला कुंकवाची पाच बोटं ओढली आणि जाता जाता आत वाकून एक ओलं बोट माझ्या डोळ्यालाही टेकवलं. तिथूनच सगळं सुरू झालं.

"आत्या, त्याला दिसायचं न्हाई," त्यांची सून अपेक्षा म्हणाली.

"आमुशाचं कुंकू पुसतीस व्हय गं? सांजच्याला पूस."

अपेक्षानं पुढं केलेला हात मागं घेतला.

मला आणलं तिनंच, मारुंजीच्या दुकानातून. तिचा नवरा वाल्मीक कोळवणकडच्या फार्महाउसांना पाण्याचे जार पोचवतो. मागं एका मोटारवाल्यानं स्वतःच रिव्हर्स घेताना टेम्पोला ठोकलं आणि वर वाल्मीकच्याच कानाखाली वाजवली. तेव्हापासून टेम्पो दारात येईपर्यंत तिला घास उतरायचा नाही.

"ताई, पुढचा-मागचा जोडच घ्या," दुकानदार म्हणाला.

"तेवढं न्हाई जमायचं. पुढचा एकच द्या. पण नंबर वाचता आला पायजे."

"हा स्क्रीनवाला बघा."

"स्क्रीन कशाला? गाडी चालवताना त्यांना पिक्चर बघायचाय का? मोबाइलवर दिसतंय न्हवं, बास झालं."

स्क्रीनचे वाचले त्यात तिनं चांगलं मेमरी कार्ड घेतलं. काचेवरच्या उन्हात साधं कार्ड लवकर मरतं, हे तिनं दुकानदाराकडून तीनदा वदवून घेतलं होतं. घरी आल्यावर मला आरशामागं, वायपर फिरतो त्या जागी चिकटवलं. वायर छताच्या कडेला बोटानं दाबून बसवली. वाल्मीक हसला, "आता माझ्यावर बी पाळत का?"

"व्हय. शिव्या कमी द्या, त्याला ऐकू बी येतंय."

त्या सकाळी लेकीला, छोट्या दिशाला मांडीवर घेऊन अपेक्षाही टेम्पोत बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. कोळवणच्या अलीकडं मागून एक जीप सारखी हॉर्न मारायला लागली. वाल्मीकनं टेम्पो डावीकडं दाबला, तरी हॉर्न थांबेना. आणि नेमकं वळणावर जीपनं टेम्पोला ओलांडलं.

समोरून दूधवाला बहिरू येत होता, मोटरसायकलला दोन कॅन बांधून. जीपनं त्याला उडवलं. तो वर फेकला गेला, डोक्यावर पडला. कॅन फुटले. डांबरावर दूध पसरलं आणि बघता बघता लाल झालं. जीप थांबली नाही.

वाल्मीक ब्रेक मारून खाली धावला. बहिरूचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. त्याचा गुन्हा एवढाच.

शेतातली माणसं विळे घेऊनच पळत आली. त्यांना दिसला उभा टेम्पो आणि रक्तानं भरलेले हात. त्यांच्यात बहिरूचा सख्खा भाऊ होता, इंद्रजित.

"माझा भाऊ मारला रं ह्यानं!"

मग कुणी काही विचारलं नाही. लाथा, काठ्या, दगड. इंद्रजितनं दुधाच्या कॅनचं जड झाकण वाल्मीकच्या तोंडावर हाणलं. जबडा मोडल्याचा आवाज माझ्या कार्डावर आहे. तो दिशाला कधी ऐकवू नका, तिनं एकदा ऐकलाय.

"ह्याला कॅमेरा हाय! फोडा त्यो!"

दगड काचेवर बसला. अपेक्षानं दिशाला सीटखाली ढकललं आणि मला वायरीसकट ओढून छातीशी धरलं. एक काठी तिच्या बोटांवर पडली. तिनं सोडलं नाही.

"ह्याच्यात हाय कुणी मारलं त्ये! आधी बघा, मग मारा आमाला समद्यांला!"

वायर निघाली तरी माझ्या बॅटरीत जीव होता; अपेक्षानं मोबाइलवर माझं चित्र लावलं, तो इंद्रजितनं तिच्या हातातून हिसकावला. मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं. टेम्पो मागं आहे, जीप पुढं घुसलीय, भाऊ वर उडालाय. त्याच्या हातातला विळा खाली पडला. मागच्यांनी वाल्मीकला सोडलं.

"वहिनी," तो म्हणाला. घटकाभरापूर्वी तोंडात नुसत्या शिव्या होत्या. "नंबर दावा त्याचा."

अपेक्षानं सुजलेल्या बोटानं चित्र थांबवलं. जीपची पाठ बरोबर मधोमध होती आणि मधोमध लाल डाग. इंद्रजितनं मोबाइलची काच अंगठ्यानं पुसली. सदऱ्याला पुसली. परत बघितलं.

"रगात लागलंय का ह्याला?"

"न्हाई दादा," अपेक्षा म्हणाली. "कुंकू हाय."

बहिरू रस्त्यावरच गेला. वाल्मीकचा जबडा तारेनं बांधलाय, नळीनं पेज पितो. कार्ड पोलिसांकडं आहे. इंद्रजित दवाखान्याच्या दारात येऊन बसतो, आत येत नाही. मागचा कॅमेरा घ्यायला पाहिजे होता, असं अपेक्षा झोपेतही बोलते. मला तिनं दिशाच्या जुन्या टोपड्यात गुंडाळून कपाटात ठेवलंय. माझी काच तडकलीय.

वाल्मीक आळातून सुटला, पण बहिरूला मारणारा मोकळाच हिंडतोय. म्हणून हात जोडतो. त्या अमावस्येला सकाळी कोळवणच्या रस्त्यावर तुमची गाडी असेल, फार्महाउसच्या फाटकावर कॅमेरा असेल, तर त्यात बघा. पांढरी जीप, टपावर निळी ताडपत्री. आमची कॅमेऱ्यांची जात जुनं पुसून नवं भरते, म्हणून उद्यावर टाकू नका, आजच कार्ड काढा. आणि तुमच्याकडं काहीच नसेल, तर निदान शेजारच्याला सांगा.