फडक्याने पुसलेली वाट

छगनने पिशवी उलटी केली. उषाबाईचा जेवणाचा डबा, फणी, बदलायचं लुगडं आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा फरशीवर पडला. घारीच्या मिठाईचा डबा काही पडला नाही.

"मुंग्या घारीच्या तुपावर आल्या, शेठ. हिनं डबा केव्हाच घरी पोचवला असंल," छगन म्हणाला. तो सुरतेजवळच्या उधन्यातल्या या लूमच्या कारखान्याचा सुपरवायझर, उषाबाईच्याच शिरपूरकडचा.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत घारी खातात. शेठने कामगारांसाठी आणलेल्या चार डब्यांपैकी एक नाहीसा झाला होता, आणि मुंग्यांची रांग उंबऱ्यातल्या भोकातून निघून फरशीवरून झाडूवाल्या उषाबाईच्या पिशवीत शिरलेली होती. सगळ्यांना एवढा पुरावा पुरला. चोर ठरून इथून निघालेल्या बाईला उधन्यात दुसरं कोणी उंबऱ्यावरही उभं करणार नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी प्लेगच्या भीतीने सगळे गावी पळाले, तेव्हा याच कारखान्याची चावी पंधरा दिवस तिच्या कमरेला होती. ते आठवून तिला संताप आला. तिने बादलीतलं फिनेलचं फडकं पिळलं आणि ती खाली बसली.

"शेठ, इकडं या. मुंगीला लांबचं दिसत नाही. गोड सापडलं की परत येताना ती जमिनीला वास लावत येते. मागच्या त्या वासावर चालतात. बघा."

तिने फडकं रांगेवरून आडवं ओढलं. मुंग्या अडल्या, मागे फिरल्या, एकमेकींवर आदळल्या. चार बोटं पुसलेली जागा त्यांना ओलांडता येईना.

"सकाळी आठला मी फरशी पुसते, दुपारी तीनला परत. रोज त्यांची वाट मोडते. ही माझ्या गुळाची वाट, तीननंतरची. मोजून दहा मुंग्या. आता ही दुसरी बघा."

उंबऱ्यातल्या त्याच भोकातून निघालेली दुसरी रांग जाड, काळीभोर होती. ती छगनच्या कपाटाखाली गेली होती. कागद भिजतात म्हणून उंबऱ्यापासून कपाटापर्यंतची कड त्याने तिला कधी पुसू दिली नव्हती; ती वाट मोडलीच नव्हती.

कपाट उघडलं. नमुन्याच्या कापडांमागे डबा होता. एक घारी कमी.

"मुंग्यांचा हप्ता द्यायचा राहिला वाटतं," लूमवरचा कामगार पंडित मागून म्हणाला.

शेठ हसला. ठेवून विसरला असेल बिचारा, म्हणाला. सणाचा दिवस आहे, आता वाढवू नका. त्याने एक घारी उषाबाईपुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

"माझ्या पिशवीत सापडला असता तर तुम्ही विसरली म्हणाला असता का, शेठ?"

शेठने घड्याळाकडे पाहिलं. मग लूम चालू करायला सांगितलं. माणसं पांगली, पण उषाबाई जागची हलली नाही.

"छगनभाऊ," ती आता घरच्या अहिराणीत म्हणाली, "मनी पिशवी भर."

छगनने फरशीवरच्या तिच्या सामानाकडे, मग शेठकडे पाहिलं. शेठ अजून घड्याळच बघत होता. छगन वाकला. लुगडं, फणी, डबा त्याने पिशवीत घातले. गुळाचा खडा तसाच सोडून तो उठू लागला.

"तो बी."

त्याने खडा उचलला. गुळावरच्या मुंग्या त्याच्या बोटांवर आल्या, तिथून मनगटावर. उषाबाईने पिशवीचं तोंड उघडं धरलं होतं. तिला कसलीच घाई नव्हती.