मॅग्निफिसंटचा ठसा

साहेबाने टेबलावर पसरलेल्या धोतरातल्या सुटलेल्या तारेवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट तांबड्या ठशावर नेलं. मॅग्निफिसंट. समोर उभ्या धुळाप्पाला अक्षरओळख नव्हती, पण हा ठसा गिरणीच्या उत्तमातल्या उत्तम मालावर तो अकरा वर्षं मारत आला होता.

अर्थ त्याने पहिल्याच वर्षी हेडक्लार्ककडून समजून घेतला होता. राजवाडा, हत्तीवरची मिरवणूक, जे बघून तोंडात बोट घालावं त्याला तसं म्हणायचं. तुझ्यामाझ्या कामाला नव्हे, असंही त्या भल्या गृहस्थाने बजावलं होतं. हे शेवटचं काही मंगळवेढ्याच्या या धनगराला पटलं नाही. बायकोच्या, मायाक्काच्या भाकरीलाही तो खुशाल मॅग्निफिसंट म्हणायचा.

तपासनिसाने खडूची फुली मारलेल्या कापडावर ठसा उठवायचा नाही, आणि महिन्यात तिसरी फुली पडली की विणकराला घरचा रस्ता, असा नियम होता. परवा ज्ञानबाला तिसरी फुली पडली. ज्ञानबा धुळाप्पाच्याच चाळीतला, पोटी मूल नाही, बायको अंथरुणाला खिळलेली. धुळाप्पाने बाहीने फुली पुसली आणि ठसा मारला. सात रस्त्याच्या व्यापाऱ्याने ते धोतर परत आणून आपटलं. कोपऱ्यावर ज्ञानबाच्या साच्याचा, म्हणजे मागाचा, आकडा होता, म्हणून त्यालाही बोलावून दाराबाहेर बसवलं होतं.

हेडक्लार्क दुभाष्या होता. चुकून झालं म्हण, दोघंही दंडावर सुटाल, असं तो धुळाप्पाच्या कानात पुटपुटला. तेवढ्यात साहेबाने विचारलं, याला या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का? धुळाप्पाने अर्थ बिनचूक सांगितला. साहेब हसला. मग या भिकार कापडात तोंडात बोट घालण्यासारखं काय आहे, ते विचार त्याला.

‘भिकार’ धुळाप्पाला झोंबलं आणि त्याची जीभ सुटली.

“सायेब, त्येला दिसत न्हाय. पावसाळ्यापास्नं नुसतं हातानं चाचपून इनतोय. सबंद धोतरात एक तार सुटली.”

सारं साचेखातं महिनोन्‌महिने जिवापाड जपत होतं ती गोष्ट धुळाप्पा बोलून गेला होता. हेडक्लार्क घुटमळला, पण साहेब वाट बघत होता. त्याने भाषांतर केलं. आंधळ्याला यंत्रावर कोण ठेवील? दोघांचीही नावं दुपारच्या आत कमी झाली.

बाहेर ज्ञानबा भिंतीला धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. धुळाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने माफी मागायला तोंड उघडलं, पण म्हातारा आधी बोलला.

“एकच तार व्हय?”

“एकच.”

ज्ञानबाने मान हलवली. मग भर दुपारी, सगळ्या गिरणीदेखत, त्याने पहिल्यांदा धुळाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्यामागून फाटकाकडे चालू लागला.